जुना पिकअप घेताना आधी गाडीखाली शीर

भावा, बेळगावच्या बाजारात भाजी आणायची असेल तर पाऊण टनाची टाटा एस पुरते. सिमेंट, वाळू असेल तर बोलेरो पिकअपच बघ.

रंगावर भुलू नकोस. पाट्यांच्या (सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या) हँगरजवळ चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग दिसलं, तर गाडी ओव्हरलोड ओढलेली असणार, सोडून दे. कोकणात मासळी वाहिलेली असेल तर हौद्याचा तळ खारट पाण्याने गंजतो. हातोडीने ठोक, भद्द आवाज आला की पत्रा गेला. इंजिन थंड असतानाच चालू करायला लाव, गरम इंजिनात स्टार्टिंगचा दोष लपतो. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर फुसफुसत धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात.

एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणि कर्नाटकचा टॅक्स धरून हिशेब कर. कर्जाची गाडी असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र बघितल्याशिवाय इसार देऊ नकोस.