फौजेतून रिटायर होताना कमी खर्चात डिग्री कशी करावी? फायर ब्रिगेडमधल्या भावासाठी काही सोय आहे का?

तुम्ही लिहिलंय की 17 वर्षं सर्व्हिस झालीये, पुढच्या वर्षी हवालदार म्हणून घरी येणार, बारावी पास आहात, ग्वाल्हेरला राहूनच स्वस्तात डिग्री करायचीये, धाकटा भाऊ फायर ब्रिगेडला आहे त्यालाही करायचीये, आणि अमेरिकेत सरकार जसं माजी सैनिकांना कॉलेजला पाठवतं तसं आपल्याकडे आहे का. शेवटचं आधी सांगते, तसं नाहीये. तिकडे 1944 पासून जीआय बिल (माजी सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा) आहे, पोलिस-फायरवाल्यांना बरीच कॉलेजं आपापल्या परीने फी कमी करतात. आपल्याकडे जे आहे ते तुकड्या-तुकड्यांत आहे, थोडं डिफेन्स मिनिस्ट्रीकडे, थोडं युनिव्हर्सिटीकडे, आणि कुठला तुकडा आपल्याला लागू होतो हे कोणी बोलावून सांगत नाही.

मी इथे एका स्टडी सेंटरवर फॉर्म तपासायचं काम करते आणि आमचे हेही फौजेच्या सिग्नल्समधून (संदेशवहनाचं खातं) रिटायर झालेत, त्यामुळे मुरारकडून (इथली छावणी) येणारे फौजी फॉर्म घेऊन थेट घरीसुद्धा येतात. मी प्रत्येकाला पहिलं विचारते, दादा, डिग्री कशाला हवीये? काही जण चिडतात. पण निम्म्या लोकांना खरंच ती लागत नाही.

कारण असं की दहावी पास आणि 15 वर्षं सर्व्हिस झालेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या ग्रुप सीच्या (क्लार्क वगैरे पातळीच्या) राखीव जागांसाठी, जिथे ग्रॅज्युएशन मागितलंय पण टेक्निकल अनुभव लागत नाही अशा पोस्टसाठी, पात्र धरतात. फौजेत सगळे ज्याला 'ग्रॅज्युएशन सर्टिफिकेट' म्हणतात ते हेच. सरकारी बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेलाही 15 वर्षं झालेल्यांना अशीच सूट आहे, आणि तिथे माजी सैनिकांना 14.5 टक्के जागा राखीव असतात, हा आकडा लहान नाही. म्हणजे तुम्हाला बँकेत क्लार्क व्हायचं असेल तर तीन वर्षं बीए करत बसण्यापेक्षा रीझनिंग आणि इंग्लिशची तयारी करा, वय निघून चाललंय.

पण हे सर्टिफिकेट म्हणजे डिग्री नव्हे, आणि इथेच लोक आपटतात. त्यावर एमए होत नाही, बीएड नाही, एलएलबी नाही, बँकेत पीओचा (ऑफिसरचा) फॉर्मही भरता येत नाही. एक काका ते छान लॅमिनेट करून एमएच्या फॉर्मला जोडून घेऊन आले होते, वर म्हणाले सीओ साहेबांची (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरची) सही आहे बघा. सही होती, खरंच सुंदर होती, पण युनिव्हर्सिटी त्याला विचारत नाही. तर मास्टर्स, टीचिंग, वकिली किंवा ऑफिसरची पोस्ट डोक्यात असेल तरच डिग्रीच्या मागे लागा.

लागायचंच असेल तर सगळ्यात सोपा रस्ता इग्नू, म्हणजे घरी राहून शिकायचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ. बीएची फी वर्षाला काही हजारांत बसते, तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांपर्यंत रेंगाळवता येते, अ‍ॅडमिशन जानेवारी आणि जुलै दोन्ही सेशनला, परीक्षा जून आणि डिसेंबरला. फौजी म्हणून सरसकट फी माफी मात्र नाहीये. (जेलमधल्या कैद्यांना इग्नूची फी माफ असते, यावर आमच्याकडे रिटायर्ड मंडळी हमखास जोक मारतात.) दुसरा रस्ता ग्वाल्हेरात ज्याला प्रायव्हेट भरणं म्हणतात तो, जिवाजी युनिव्हर्सिटीचा स्वाध्यायी विद्यार्थी म्हणून फॉर्म भरायचा आणि घरी वाचून परीक्षा द्यायची, किंवा मग भोपाळची भोज ओपन युनिव्हर्सिटी. मराठी मीडियममधून करायची हौस असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे पण त्याची सेंटरं महाराष्ट्रातच, दर वेळी तिकडे जाणं स्वस्तात पडणार नाही. आपण इथले लोक तसेही शाळेत हिंदीतच शिकलोय, हिंदी मीडियम घ्या.

इग्नूत 30 टक्के मार्क असाइनमेंटचे आणि 70 परीक्षेचे. असाइनमेंट हाताने लिहायच्या, आणि फौजींच्या असाइनमेंट मी न बघता ओळखते, पॅरा 1, पॅरा 2, मग (क) (ख), समासही पट्टीने आखलेला, हिस्ट्रीचं उत्तर अगदी मूव्हमेंट ऑर्डरसारखं. मार्क बरे पडतात पण. अडचण होते ती वेळेवर जमा न करण्याची, परीक्षा पास आणि असाइनमेंट बाकी म्हणून डिग्री अडकलेले लोक मी इतके बघितलेत की काय सांगू.

त्याहून मोठं डोकेदुखीचं काम म्हणजे नाव. आपल्या मराठी लोकांचं विशेष. दहावीच्या मार्कशीटवर नाव आणि आडनाव, डिस्चार्ज बुकात आडनाव आधी मग नाव मग वडिलांचं, आधारला तिसरंच स्पेलिंग. आता डिस्टन्सच्या अ‍ॅडमिशनला यूजीसीचा (युनिव्हर्सिट्यांवर देखरेख करणारा आयोग) डीईबी आयडी, म्हणजे त्यांच्या डिस्टन्स विभागाचा नंबर लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा नंबर लागतो आणि तो आधारवरून निघतो, तिथे हे सगळं अडतं. तुम्ही अजून सर्व्हिसमध्ये आहात ना, मग रेकॉर्ड ऑफिसला (जवानांची कागदपत्रं ठेवणारं फौजेचं ऑफिस) जी काही दुरुस्ती करायची ती आत्ताच युनिटमधून लावा. घरी आल्यावर तीच गोष्ट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र, मग रेकॉर्डला पत्र, मग आठवण पत्र असं चालतं.

सर्व्हिसमध्ये असतानाच अजून एक करा, डीजीआरच्या (माजी सैनिकांच्या पुनर्वसनाचं डिफेन्स मिनिस्ट्रीचं ऑफिस) रिसेटलमेंट कोर्सला नाव द्या. शेवटच्या वर्षात करता येतो, जेसीओ (सुभेदार वगैरे) आणि जवानांना फुकट आहे. ती डिग्री नव्हे, पण हातात एखादं सिव्हिल स्किल घेऊन बाहेर पडता. लोक 'साहेबांचे कोर्स' समजून सोडून देतात, सोडू नका. पीएम स्कॉलरशिपबद्दलही लिहिलंय तुम्ही, ती तुम्हाला नाही, तुमच्या मुलांना आहे. इंजिनिअरिंग, मेडिकल, बीएडसारख्या प्रोफेशनल कोर्सला मुलीला महिना 3000 आणि मुलाला 2500, बारावीला किमान 60 टक्के हवेत. आणि तुमच्या ओळखीत कोणी अग्निवीर असेल तर त्याची गोष्ट तुमच्यापेक्षा बरी आहे, इग्नूच्या त्यांच्या खास डिग्रीत निम्मे क्रेडिट ट्रेनिंगचेच धरतात आणि मध्येच सोडलं तर पहिल्या वर्षाचं सर्टिफिकेट, दुसऱ्याचा डिप्लोमा मिळतो.

आता भाऊ. फायर, पोलिस, 108 अ‍ॅम्ब्युलन्स यांच्यासाठी फी माफीची देशभरची एकच अशी स्कीम नाही. त्याला प्रमोशन हवं असेल तर बीएपेक्षा नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयाचा सब ऑफिसर कोर्स कामाचा, डिपार्टमेंटने स्पॉन्सर केलं तर उत्तमच, म्हणून आधी ऑफिसात तेच विचारू दे. फायर इंजिनिअरिंगची डिग्री पण तिथेच आहे पण ती फुलटाइम, नोकरी सांभाळून होणारी नाही. डिस्टन्सवरून करायचंच तर इग्नूचं बीए आणि नंतर डिझास्टर मॅनेजमेंटचा पीजी डिप्लोमा, हे शिफ्ट ड्यूटीत जमतं. फक्त अ‍ॅडमिशनच्या आधी डिपार्टमेंटची लेखी परवानगी घेऊन सर्व्हिस बुकात नोंद करून घ्यायची, नंतर डिग्री दाखवली की बाबू पहिलं हेच विचारतो की रोज हजेरी लागत होती तर शिकलात कधी.

आणि इथे नाक्या-नाक्यावर 'एक वर्षात बॅक डेटची डिग्री, घरबसल्या इंजिनिअरिंग, फौजींना स्पेशल डिस्काउंट' असे बोर्ड दिसतील. इंजिनिअरिंग, लॉ, नर्सिंग डिस्टन्सने होतच नाही, आणि 2025 च्या जुलै-ऑगस्ट सेशनपासून हेल्थकेअरचे कोर्सही डिस्टन्स आणि ऑनलाइनमध्ये बंद केलेत, त्यामुळे भावाचा कोणी अ‍ॅम्ब्युलन्सवाला मित्र पॅरामेडिकलची ऑनलाइन डिग्री घ्यायला निघाला असेल तर त्यालाही थांबवा. कोर्सचं नाव यूजीसीच्या डीईबी साइटवर त्या वर्षाच्या लिस्टमध्ये दिसलं तरच पैसे भरायचे, आणि तेही युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर स्वतः, एजंटच्या फोनपेवर नाही. ग्रॅच्युइटी आल्याची बातमी या लोकांना तुमच्या बायकोच्या आधी कळते.

मार्कशीट आणि डिस्चार्ज बुकावर तुमचं नाव नेमकं कसं लिहिलंय ते कमेंटमध्ये टाका (नंबर वगैरे टाकू नका), दुरुस्ती कुठे लागेल ते सांगते.