चौरागड दरवर्षी चढतो, मग श्रीखंड महादेव जमेल का?

दादा, तुम्ही नागपूरचे, वय 46, दर महाशिवरात्रीला पचमढीचा चौरागड चढता आणि आता हिमाचलातल्या श्रीखंड महादेवाला जायचं म्हणता. जा, नक्की जा. फक्त चौरागडचा हिशेब तिथे लावू नका. चौरागड 1300 मीटरच्या आसपास. श्रीखंडची शिळा, म्हणजे तिथलं शिवलिंग, 5227 मीटरवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या नागपूरच्या निम्म्याहून थोडाच जास्त.

माझा आतेभाऊ जड त्रिशूळ खांद्यावर घेऊन चौरागडच्या पायऱ्या न थांबता चढणारा गडी. श्रीखंडलाही जाव गावापासून तो माझ्या पुढेच. सिंहगाड झालं, थाचडूची अंगावर येणारी चढण झाली, तरी दम लागला तो मलाच. पण भीमद्वारीच्या मुक्कामी रात्री त्याचं डोकं ठणकायला लागलं, जेवण तसंच ताटात राहिलं. पहाटे 3 वाजता निघायचं म्हणून तो तंबूच्या तोंडाशी बुटाची नाडी बांधत बसला. बांधायचा, सुटायची, परत बांधायचा. मी टॉर्च धरून उभा. जरा वेळाने लक्षात आलं की बोटं गारठलेली नव्हती, त्याला गाठ कशी मारायची तेच आठवत नव्हतं.

उंचीचा त्रास मेंदूपर्यंत गेला होता. तिथूनच मागे फिरलो. पार्वतीबाग, नैनसरोवर, सगळं राहिलं. महादेवासाठी आणलेला पितळी त्रिशूळ त्याने वर जाणाऱ्या एका पोराच्या हातात दिला आणि रडला. त्यात भीमद्वारीहून परतताना आधी थाचडू आणि भीमद्वारीच्या मधल्या कालीघाटीचा चढ चढावा लागतो, उतार त्यानंतर. अशा माणसाला तो चढ चढवणं काय असतं, ते मी विसरणार नाही. म्हणून डोकं दुखत असेल तर कालीघाटीच्या अलीकडेच थांबा.

तयारीला रामटेकच्या पायऱ्या पाठीवर ओझं घेऊन करा, पायांना उपयोग होतो. उंचीची सवय मात्र नागपुरात लागत नाही, ती वाटेतच लावावी लागते. थाचडूला एक रात्र जास्त काढा. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही, ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. यात्रा जुलैच्या सुमारास मोजकेच दिवस असते. नोंदणी आणि वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच करून ठेवा.

आणि थाचडूपासून पुढे रोज सकाळी सोबत्याच्या बुटाची नाडी त्यालाच बांधू द्या, तुम्ही समोर उभं राहून बघा.