वाचकांचे प्रश्न : रस्त्याची बाजू बदलली की हेडलाइटचे काय करावे?

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या पिढीची, जपानच्या बाजारासाठी बनलेली माझदा एमएक्स-५ ही दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. तिचे उघडमीट करणारे हेडलाइट सात इंची गोल असून त्यांत एच-४ बल्ब (डिपर व अप्पर अशा दोन तारा असलेले) आहेत. वाहतूक उजव्या बाजूने चालते अशा देशात ही गाडी मी कायमची नेणार आहे. डिपरचा (जवळच्या प्रकाशाचा) झोत थोडा खाली केला, किंवा डावा दिवा उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला, तर भागेल का?

उत्तर : दिव्यांची अदलाबदल करून काहीच साधणार नाही, कारण दोन्ही दिव्यांतून पडणाऱ्या झोताचा आकार एकच असतो. डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी बनवलेल्या गाडीत डिपरच्या प्रकाशाची वरची कड उजवीकडे सपाट राहते आणि डावीकडे साधारण १५ अंशांनी वर चढते, जेणेकरून आपल्या कडेचा रस्ता, पादचारी आणि फलक लांबून दिसावेत, पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. हीच गाडी उजव्या बाजूने चालू लागली की चढती कड नेमकी समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर जाते आणि रस्त्याची आपल्या बाजूची कडा अंधारात राहते.

झोत खाली करण्याचा उपाय पहिली अडचण कमी करतो, पण दुसरी वाढवतो. समजा, दिव्याचा मध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आहे. झोताचा उतार १ टक्का, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर ठेवला, तर सपाट कड सुमारे ६० मीटरवर रस्त्याला टेकते. उतार २ टक्के केला की ती ३० मीटरवरच टेकते. स्पोर्ट्स कारचे दिवे मुळातच खाली असल्याने हे नुकसान तिला उंच गाडीपेक्षा अधिक जाणवते. तात्पुरती सोय म्हणूनही मी हा उपाय सुचवणार नाही.

आपल्या गाडीपुरते उत्तर सुदैवाने सोपे आहे. एच-४ बल्ब जगभर एकच असतो, त्यामुळे नवा बल्ब घेऊन झोताची बाजू बदलत नाही. बल्बच्या आत डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते आणि झोताची कड तिच्या काठामुळे तयार होते. मात्र ती वाटी कोणत्या कोनात बसावी हे दिव्याच्या पाठीमागच्या खाचा ठरवतात, आणि प्रकाश कोठे पसरावा हे परावर्तक व काचेवरच्या उभ्या-तिरक्या रेषा ठरवतात. म्हणून बल्ब नव्हे, तर परावर्तक आणि काच मिळून असलेला संपूर्ण दिवाच बदलावा लागतो. सात इंची गोल दिवा हे जुने प्रमाणित माप असल्याने उजव्या वाहतुकीसाठीचे दिवे आजही सहज मिळतात. खाचांमध्ये बल्ब जबरदस्तीने फिरवून बसवण्याचा मोह मात्र टाळावा.

दिवा विकत घेताना काचेवरची खूण पाहावी. युरोपीय मानकांच्या दिव्यावर वर्तुळातील ‘ई’ हे अक्षर असते. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर आपल्या उजवीकडे टोक असलेला आडवा बाण दिसला तर दिवा डाव्या वाहतुकीचा. बाणच नसेल तर उजव्या वाहतुकीचा. आणि दोन्ही टोकांचा बाण असेल तर तो दोन्हींकडे वळवता येणारा. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा ही खूण अधिक भरवशाची आहे. बसवल्यावर सपाट जमिनीवर भिंतीपासून १० मीटर अंतरावर गाडी उभी करावी. भिंतीवर कड डावीकडे सपाट आणि उजवीकडे चढती दिसली पाहिजे. अप्परचा (दूरच्या प्रकाशाचा) झोत दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच असल्याने त्याचा वेगळा विचार करावा लागत नाही.

अशा बदलाचा एक मोठा प्रयोग स्वीडनने केला. ३ सप्टेंबर १९६७ रोजी तो देश डावीकडून उजवीकडे आला, तेव्हा तिथल्या गाड्यांचे दिवे बदलावे लागले. गोल, प्रमाणित मापाचे दिवे तेव्हा सर्रास वापरात होते, म्हणूनच ते काम आवाक्यात राहिले.

प्रश्न : माझ्या नव्या स्पोर्ट्स कारमध्ये प्रोजेक्टर दिवे (भिंगातून झोत टाकणारे) आहेत आणि मला केवळ सुट्टीपुरते दुसऱ्या बाजूच्या देशात गाडी चालवायची आहे. काचेवर काळी पट्टी चिकटवणे पुरेसे होईल का?

उत्तर : जुन्या रेषांच्या काचेत प्रकाशाचा चढता भाग काचेच्या ठरावीक तुकड्यातून येतो, म्हणून तेवढाच तुकडा झाकला की काम होते. प्रोजेक्टरमध्ये तसे नसते. तिथे आतल्या पडद्याची कड भिंगातून उलटी होऊन रस्त्यावर उमटते आणि भिंगाच्या प्रत्येक भागातून संपूर्ण चित्र बाहेर पडते. त्यामुळे भिंगाचा तुकडा झाकल्यास चढती कड जात नाही, सगळाच झोत थोडा मंद होतो. पट्टी काचेवर नुसती दिसते, आणि चालकाला उगाच समाधान वाटते.

आधी गाडीची पुस्तिका उघडावी. अनेक प्रोजेक्टर दिव्यांच्या मागे एक छोटा खटका किंवा स्क्रू असतो, जो आतला पडदा सरकवून झोताची कड दोन्हीकडे सपाट करतो. काही एलईडी दिव्यांत हेच काम गाडीतल्या स्क्रीनवरील मेनूमधून होते. सपाट झोतात आपल्या कडेचा प्रकाश कमी मिळतो, त्यामुळे रात्री वेग आवरता ठेवावा, आणि परत आल्यावर खटका पूर्ववत करण्यास विसरू नये. अशी सोय नसेल तर आपल्याच मॉडेलसाठी बनवलेले झोत वळवणारे पारदर्शक स्टिकर घ्यावेत. गाडी कायमची न्यायची असेल, तर सपाट झोत किंवा स्टिकर नोंदणीच्या तपासणीत चालेल असे गृहीत धरू नये.

प्रश्न : मागच्या दिव्यांतही काही बदलावे लागते का?

उत्तर : धुक्यासाठीचा मागचा लाल दिवा एकच असेल तर होय. तो रस्त्याच्या मध्याकडील बाजूला किंवा गाडीच्या मधोमध असावा लागतो, म्हणून डाव्या वाहतुकीत उजवीकडे असलेला दिवा उजव्या वाहतुकीत डावीकडे आणावा लागतो. बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या बाजूला रिकामे खोबण तयारच असते आणि फक्त बल्बधारक व तार हलवली की काम होते.