तेलुगू प्रेमपट पाहायचाय, सुरुवात कुठून करू?

माझं उत्तर एकच : 'गीतांजली', १९८९. मणिरत्नम यांनी थेट तेलुगूत केलेला हा एकमेव चित्रपट.

गोष्ट दोन ओळींची. प्रकाशला (नागार्जुन) कळतं की आपल्याकडे थोडेच दिवस उरलेत. घरच्यांची रडारड नको म्हणून तो उटीला येऊन राहतो आणि तिथे त्याला गीतांजली (गिरिजा) भेटते. ही पोरगी इतकी खट्याळ, की मागे लागणाऱ्या मुलांना रात्री बोलावून भुताचं सोंग घेऊन पळवून लावते! पण तिच्या हृदयातही दोष आहे. एवढं ऐकून रडका सिनेमा वाटेल, पण तो तसा अजिबात नाही. मरणाबद्दल ती इतक्या सहज बोलते की आपणच गप्प होतो.

खरी श्रीमंती आहे ती पी. सी. श्रीराम यांच्या छायाचित्रणात. धुकं, ओले रस्ते, खिडकीतून येणारा कोवळा उजेड. उटी शेकडो सिनेमांत दिसली, पण अशी मी तरी दुसरीकडे पाहिली नाही. संगीत इळैयराजांचं, शब्द वेटूरींचे. 'ओ प्रिया प्रिया' ऐकाल तेव्हा चाल ओळखीची वाटेल, कारण हिंदी 'दिल'मध्ये (१९९०) ती घेतली होती. मूळ गाणं मात्र कितीतरी हळवं आहे. 'आमनी पाडवे' तर रात्री एकट्याने ऐका.

याला लोकप्रिय चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. तेलुगू येत नसेल तर सबटायटल्स लावा, डब केलेला नको. शेवट सांगत नाही.