चिंचोक्याची पांढरी बाजू

“आम्ही दोघंही सावळे, घराण्यात असं कुणी नाही, मग माझ्याच पोटी असं पांढरं मूल कसं आलं?” वर्णहीनता, म्हणजेच अल्बिनिझम, असलेल्या बाळाची आई समुपदेशनाला आली की हा प्रश्न हमखास विचारते. बाळाच्या प्रकृतीची काळजी त्यात असतेच, पण त्याहून मोठी धास्ती स्वतःवर येणाऱ्या आळाची असते. सुमनची हकीकत (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) त्यासाठीच सांगत आहे.

सुमन पहिल्यांदा आली तेव्हा तिची मुलगी नऊ महिन्यांची होती. बाळाचे केस मक्याच्या कणसाच्या तुऱ्यासारखे होते आणि भुवयांवर काजळाच्या जाड रेघा ओढलेल्या होत्या. एस.टी.त लोक टक लावून बघतात, म्हणून निघण्यापूर्वी सुमनने त्या ओढल्या होत्या. काळे केस येतील या आशेने जावळ दोनदा काढून झाले होते. बाळ डोळे घट्ट मिटून रडत होते. मी खिडकीचा पडदा ओढल्यावर त्याने डोळे उघडले, आणि त्याची नजर सतत डावी-उजवीकडे हलत असल्याचे दिसले. उजेडाचा त्रास होतो हे तोवर घरात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते, कारण सगळ्यांचे लक्ष रंगाकडे होते.

सुमनने आपल्या ‘चुका’ सांगायला सुरुवात केली. ग्रहणात विळीवर भाजी चिरली होती आणि सासूच्या आग्रहाने केशराचे दूध घेतले होते. बाळंतपणासाठी ती माहेरी आली, त्यानंतर तिला सासरी नेलेच नव्हते. “डी.एन.ए. करून दे, मग बघू,” असा नवऱ्याचा निरोप होता.

मी तिला सांगितले की ग्रहण, केशर किंवा विळी यांचा बाळाच्या रंगाशी काहीही संबंध नाही. त्वचा, केस आणि डोळे यांना रंग देणारे मेलॅनिन शरीरात पुरेसे तयार होत नाही, म्हणून बाळ असे दिसते. हे कोड नव्हे, कुष्ठरोग नव्हे, आणि कोणाला लागणारा आजारही नव्हे. हे ऐकून तिने एवढेच विचारले, “पण ताई, हे मी घरी सांगितलं तर कोण ऐकणार?”

तिचे म्हणणे खरे होते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशा आईला एकटीला सगळे समजावून घरी पाठवत असे, आणि जिच्यावर आरोप आहे तिलाच आपली साक्ष द्यायला लावण्यात केवढा अन्याय आहे, हे माझ्या उशिरा लक्षात आले. म्हणून पुढच्या भेटीला मी तिच्या नवऱ्याला आणि सासूला बोलावले.

सुमनची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या. लग्न मामाच्या मुलीशी झालेले. मी टेबलावर दोन फोडलेले चिंचोके ठेवले, एक बापाचा, एक आईचा. तपकिरी बाजू म्हणजे रंग तयार करणारे जनुक, पांढरी बाजू म्हणजे तसे न करणारे. एक जरी तपकिरी पडली तरी बाळाला नेहमीसारखा रंग येतो. दोन्ही पांढऱ्या पडल्या तरच बाळ असे जन्मते. लहानपणी चिंचोक्यांनी खेळलेल्या आत्यांना आणखी सांगावे लागले नाही. त्या टाकत राहिल्या, आणि एकदा लागोपाठ दोन वेळा पांढऱ्या-पांढऱ्या बाजू पडल्या. चारांत एक ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने असते, एक मूल असे झाले म्हणून पुढची तीन ‘सुटली’ असे होत नाही, हे त्यांनीच मुलाला सांगितले.

“म्हणजे हे दोघांकडून आलंय?” नवऱ्याने विचारले. “दोघांकडून,” मी म्हणाले, “आणि तुमचे आजी-आजोबा एकच असल्यामुळे बहुधा त्यांच्यापैकी एकाकडून तुम्हा दोघांपर्यंत पोहोचलं असावं. बाळाच्या रंगावरून बायकोवर संशय घ्यायला काहीच आधार नाही.” आत्या गप्प झाल्या, कारण ते आजी-आजोबा म्हणजे त्यांचे स्वतःचे आई-वडील होते. इथे मला सावध राहावे लागले. सुमनवरचा दोष उचलून आत्यांच्या पदरात टाकणे फार सोपे होते, पण जनुक कोणी मागून घेत नाही, आणि दोषी पाहिजेच ही सवय मोडायची होती. मी तसे स्पष्ट बोलले.

डी.एन.ए.च्या मागणीला मात्र मी ठामपणे विरोध केला. आजाराचे जनुक शोधणारी चाचणी वेगळी, आणि आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करणारी पितृत्वाची चाचणी वेगळी. वैवाहिक वादात मुलाची डी.एन.ए. चाचणी सरसकट करू नये, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये म्हटले आहे. चारित्र्यावर शिंतोडे उडवणे ही 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार भावनिक हिंसा ठरू शकते, सासरच्या घरात राहण्याचा सुमनला हक्क आहे, आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही मी सगळ्यांसमोर सांगितले. धमकी म्हणून नव्हे. पण उपकार म्हणून परत नेलेल्या सुनेला उद्या पुन्हा हाकलता येते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली नेमलेल्या वर्णहीनतेच्या विषयावरच्या पहिल्या स्वतंत्र तज्ज्ञ, नायजेरियाच्या इक्पोनवोसा एरो, यांनीही अशा आयांवर होणारे व्यभिचाराचे आरोप आणि त्यांना टाकून देणे हा मानवी हक्कांचा प्रश्न म्हणून मांडला आहे.

सुमन महिन्याभराने सासरी गेली. लगेच सगळे गोड झाले असे नाही. शेजारपाजारच्या बोलण्याने नवरा अधूनमधून बिथरत असे, आणि आम्ही आणखी सहा वेळा भेटलो.

मुलगी आता पहिलीत आहे. चष्मा लावूनही तिची दृष्टी 6/60 आहे, म्हणजे इतरांना साठ मीटरवरून दिसते ते तिला सहा मीटरवर आल्यावर दिसते, कारण दृष्टिपटलाचा मधला भाग नीट घडलेला नसतो आणि तो चष्म्याने भरून निघत नाही. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी गेल्यावर “गोरेपणा हे काय अपंगत्व आहे?” असे उत्तर मिळाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत वर्णहीनतेचे नाव नाही हे खरे, पण अल्पदृष्टी आहे, आणि अर्ज त्याच नावाने करायचा असतो. दुसऱ्या खेपेला नवरा स्वतः कायद्याची प्रत घेऊन गेला. प्रमाणपत्र मिळाले.

शाळेत तिला पहिल्या बाकावर, खिडकीकडे पाठ करून बसवतात, आणि फळ्यावरचे लिखाण बाई तिच्या वहीत जाड काळ्या पेनने उतरवून देतात. मैदानावर जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि रुंद काठाची टोपी असते, कारण अशा त्वचेला ऊन पोळते आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो.

मागच्या महिन्यात सुमन पुन्हा आली होती. दुसऱ्या बाळाचा विचार चालू आहे. मोठीच्या जनुकाची तपासणी आधी करून घेतली तर गरोदरपणात चाचणी शक्य असते, पण ती करायची की नाही हे सर्वस्वी तिने आणि नवऱ्याने ठरवायचे, एवढे मी सांगितले. तिने सगळे वहीत लिहून घेतले. बाहेर बाकावर आत्या नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि कोवळे ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्यांनी पदर आडवा धरला होता. मुलीच्या भुवयांवर काजळ नव्हते.