दादांकडे पैसे कसे मागू?

‘मागितले तर पुढची मालिका मिळणार नाही.’ मी समुपदेशक आहे. मालिका लिहिणारे लोक माझ्याकडे येतात ते झोप उडाली, घरच्यांवर विनाकारण चिडतो, लिहायला बसलं की धडधडतं अशा तक्रारी घेऊन. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत हे वाक्य निघतंच. म्हणून एका संवादलेखिकेची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

राहायला गोरेगावला, सेट घोडबंदर रोडला, आठवड्याला सहा एपिसोड. “अन्याय होतोय माझ्यावर,” ती म्हणायची आणि एका दमात सांगायची: बिलं थकली आहेत, दर तीन वर्षांपूर्वीचाच आहे, मालिका ओटीटीवर अजून चालते आणि मला छदाम मिळत नाही.

तक्रारी तिन्ही खऱ्या होत्या, पण तिन्हींचं उत्तर वेगळं. थकलेलं बिल हे देणं आहे. दर हा सौदा आहे, तो सहीच्या आधी होतो. रॉयल्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तिन्ही एकत्र बांधली की समोरचा माणूस डोंगराएवढा दिसतो आणि मग साधं बिलही मागायचा धीर होत नाही. मी तीन कोरे कागद पुढे ठेवले आणि फक्त पहिला भरायला सांगितला.

“मागितल्यावर काढून टाकलेला लेखक तुमच्या ओळखीत कोण?”

बराच वेळ गेला. “नाव नाही आठवत. पण सगळे म्हणतात.”

“आणि मागून घेणारा?”

“आमचाच पटकथाकार. तो सरळ अकाउंट्सला जाऊन बसतो.”

“त्याचं काम गेलं?”

“छे! त्याला दुसरी मालिकाही दिली त्यांनी.” आणि मग ती स्वतःच हसली.

मागितल्याने काम जाऊ शकतं, हे मी कधीच नाकारत नाही. खोटा धीर दोन दिवस टिकतो. पण काम मिळत राहावं ही इच्छा वेगळी आणि ते मिळालंच पाहिजे, नाहीतर मी संपले, हा हट्ट वेगळा. जीभ अडते ती हट्टापायी. माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, त्यामुळे मी भावनेपेक्षा तिच्यामागच्या वाक्याला आधी हात घालते. मालिका लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तो मार्ग फारसा चुकत नाही, असं आता खात्रीने म्हणता येईल.

त्या दिवशी तिने निर्मात्याला पाठवायचा मेसेज दाखवला. आठवडाभर तो मोबाइलमध्ये तसाच पडून होता: ‘दादा, बिझी आहात का? जमलं तर माझं थोडं बघाल का, प्लीज?’ यात रक्कम नाही, एपिसोड नाहीत, तारीख नाही. नुसती अजिजी. आम्ही तो मेल म्हणून पुन्हा लिहिला: ‘दादा, एपिसोड १४१ ते १६०, एकूण २०, दर ६,०००, बिल १,२०,०००. दहा टक्के टीडीएस वजा जाता १,०८,००० येणे. बिल सोबत जोडलं आहे. पेमेंटची तारीख कळवावी.’ सोबत अकाउंट्सला कॉपी. ‘दादा’ मुद्दाम राहू दिलं. नातं तोडायचं नव्हतंच. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “यात रडण्यासारखं काहीच नाही.” तिथून पुढचं काम सोपं झालं.

पैसे दोन हप्त्यांत आले. टीडीएस कापला होता, पण २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर विभागाच्या तक्त्यात, दिसत नव्हता. म्हणजे कापून सरकारकडे भरलाच नसेल, किंवा त्याचं विवरणपत्र राहिलं किंवा चुकलं असेल. हे नेहमी तपासा.

व्हॉट्सअॅपवर रात्री दोनला टाकलेला एपिसोड नंतर सिद्ध करणं जड जातं. तोच मेलवर, विषयात एपिसोड क्रमांक घालून पाठवा. करारात पैसे टेलिकास्टनंतर ९० दिवसांनी असं सर्रास लिहितात. त्यामुळे लिहून घेतलेला पण न दाखवलेला एपिसोड फुकट जातो. तिथे ‘मंजूर झालेला एपिसोड’ असे शब्द मागा. लेखकाने सूक्ष्म उद्योग म्हणून सरकारी ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी काम सुरू होण्याआधी केली असेल, तर २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग) कायद्यानुसार पैसे द्यायला ४५ दिवसांच्या पुढे मुदत देता येत नाही आणि उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. अंधेरीची स्क्रीनरायटर्स असोसिएशन सभासदांच्या थकबाकीचे आणि श्रेयाचे वाद हाती घेते. सभासदत्व भांडण होण्याआधी घेतलेलं बरं.

दुसऱ्या कागदावर दर. चालू मालिकेत तो वाढवून घेणं अवघड, म्हणून ठरावीक एपिसोडनंतर किती वाढ हे पहिल्याच करारात लिहून घ्यायचं. तिने पुढच्या मालिकेसाठी ते मागितलं. अर्धं मिळालं.

तिसरा कागद रॉयल्टीचा. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीनंतर, चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा लेखकाला सोडून देता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत मालिकेचं चित्रीकरणही चित्रपटातच मोडतं. ‘सर्व हक्क कायमचे दिले’ या ओळीने हा वाटा संपत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्कांचं हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. मात्र एकट्या लेखकाने ओटीटीकडून हिशेब मागणं जवळपास अशक्य. वसुली कॉपीराइट सोसायटीमार्फतच, म्हणजे सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेमार्फत, व्हायची. सहीआधी वकिलाला दाखवा, मी वकील नाही.

तिने शेवटच्या भेटीत विचारलं, “शीर्षकगीताचे शब्दही माझेच आहेत, त्याचं काय?” गीतकारांसाठी आयपीआरएस ही अशीच कॉपीराइट सोसायटी आहे. फॉर्म तिने त्याच आठवड्यात भरला.