मांडीला पट्टा बांधून सायकलिंग

प्रश्न : मांड्यांना दाबपट्टे बांधून ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) सायकल चालवली की दमसास वाढतो म्हणे. पट्टा किती आवळायचा?

उत्तर : वाढू शकतो. २०१० च्या एका जपानी अभ्यासात तरुणांनी मांड्यांना पट्टे बांधून ८ आठवडे, आठवड्याला ३ दिवस, फक्त १५ मिनिटं, तीही ४० टक्के व्हीओटू मॅक्सवर (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) सायकल मारली. व्हीओटू मॅक्स सुमारे ६ टक्के वाढला. पण ते कसलेले सायकलपटू नव्हते. तुमचे लांब पल्ल्याचे सराव सोडू नका.

पट्टा जांघेलगत, मांडीच्या वरच्या टोकाला बांधा. धमनी पूर्ण बंद करायला जितका दाब लागतो, त्याच्या ४० टक्के दाबाने सुरुवात करा. शिरेतून परतणारं रक्त अडायला हवं, धमनीतून येणारं पूर्ण थांबायला नको. गुडघ्यावरची कातडी अंगठ्याने दाबून सोडा. पांढरी पडून ३ सेकंदांत रंग परतला नाही, तर पट्टा ढिला करा. अरुंद पट्ट्याला जास्त दाब लागतो, म्हणून मित्राचा आकडा उचलू नका. दाब न दाखवणारं साधं इलॅस्टिक तर नकोच. पाय बधिर झाला की लगेच सोडा. शिरेत कधी गुठळी झाली असेल, व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या शिरा) किंवा रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि रस्त्यावर पट्टा बांधून कधीच निघू नका.